ट्रॉलीचं वजन मोजणारी चिप

गळीत हंगामात माजलगाव-गेवराईकडच्या रस्त्यांवर उसानं ठासून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. चढ लागला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, कधी चक्क वर उचलली जातात. वळणावर मागची ट्रॉली आत कापत येते. हल्ली बीडची पोरं मोबाइलवर ट्रॅक्टरचे गेम खेळतात, तिथंही ट्रॉली अशीच हेलकावे खाते. तसं नुसतं चित्र काढणं फार अवघड नाही. अवघड आहे ते पडद्यामागचं गणित.

सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला मिळतात जेमतेम 16.7 मिलिसेकंद. तेवढ्यात कोणती वस्तू कशाजवळ आली हे शोधायचं, स्पर्श नेमका कुठं झाला ते पाहायचं आणि मग बलांची समीकरणं सोडवायची. हूकच्या पिनेवर ताण आला की ट्रॅक्टर मागं खेचला जातो, चाकांवरचा भार बदलतो, त्याबरोबर घर्षण बदलतं आणि पिनेवरचा ताण पुन्हा बदलतो. सगळं एकमेकांत अडकलेलं. त्यामुळे उत्तर एका दमात निघत नाही. अंदाज बांधायचा, तो सुधारायचा, पुन्हा सुधारायचा. त्यात मोळी सुटून ऊस रस्त्यावर पसरला, तर प्रत्येक कांड्याचा हिशेब वेगळा!

हे ओझं मुख्य प्रोसेसरवरून उतरवावं म्हणून मंजू हेगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेत ‘एजिया’ ही कंपनी काढली. 2006 मध्ये तिचं ‘फिजएक्स’ कार्ड बाजारात आलं. फक्त गेममधलं भौतिकशास्त्र सोडवणारी चिप, सोबत 128 मेगाबाइट मेमरी. कल्पना धाडसी होती, आणि मला ती आजही देखणी वाटते.

तरी कार्ड चाललं नाही. ग्राफिक्स कार्ड साधं असेल तर चित्र जरा धूसर दिसतं, खेळ तोच राहतो. भौतिकशास्त्राचं तसं नाही. कोसळलेल्या भिंतीनं एका खेळाडूची वाट अडवली आणि दुसऱ्याची मोकळी राहिली, तर दोघांचा खेळच वेगळा होतो. मोजक्या लोकांकडे असलेल्या कार्डाच्या भरवशावर अख्खा खेळ कोण उभा करणार? मग कार्डाच्या वाट्याला आले जादा उडणारे दगड, ठिणग्या, फडफडणारं कापड. एवढ्यासाठी अडीचशे-तीनशे डॉलर मोजायला लोक तयार नव्हते.

फेब्रुवारी 2008 मध्ये एनव्हिडियानं एजिया विकत घेतली आणि तेच गणित आपल्या ग्राफिक्स चिपवर आणलं. तिथं शेकडो छोटे गणकघटक एकाच वेळी राबतात, शिवाय ही चिप खेळणाऱ्यांच्या संगणकात आधीपासूनच असते. कार्ड इतिहासजमा झालं, पण सॉफ्टवेअर टिकलं. मोबाइल गेम बनवणाऱ्यांच्या आवडत्या ‘युनिटी’ इंजिनात त्रिमितीय हालचालींसाठी फिजएक्सच बसवलेलं आहे. आज त्याच्याच आधारे रोबो आभासी जगात चालायला, वस्तू उचलायला शिकतात.

डिसेंबर 2018 मध्ये एनव्हिडियानं फिजएक्सचा मूळ कोड खुला करायचं जाहीर केलं. घर्षण आणि सांधे कसे लिहिलेत, हे अंबाजोगाईच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आता एक पैसाही न देता ओळीओळीनं वाचता येतं, बदलून पाहता येतं.