घारापुरी : बेट जिल्ह्यातले, वाट मुंबईची!
कर्जत-खालापूरकरांनी सहलीचा बेत परतीच्या बोटीपासून आखावा

कर्जत : शनिवार-रविवार आला, की मुंबईकर कर्जत आणि माथेरानच्या डोंगरांकडे धाव घेतात. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या कर्जत-खालापूरकरांना मात्र समुद्र खुणावत असतो. एका दिवसाच्या सहलीचा विषय निघाला, की घारापुरीचे, म्हणजेच एलिफंटाचे नाव पुढे येते. हे बेट रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यात आहे. तरीही पर्यटकांसाठीची मुख्य बोटसेवा सुटते ती मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून. त्यामुळे आपल्याच जिल्ह्यातील बेटावर जाण्यासाठी आधी जिल्हा ओलांडावा लागतो. लोकल, बोट आणि पायऱ्या यांची सांगड नीट बसली नाही, तर दिवस प्रवासातच सरतो.

वार कोणता निवडावा?

सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी लेणी खुली असली, तरी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि बोटींवरील गर्दी अशी दुहेरी अडचण संभवते. म्हणून मंगळवार ते शनिवार यांतील दिवस सोयीचा ठरतो. पावसाळ्यात समुद्र खवळला, की बोटी बंद ठेवल्या जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या दृष्टीने सर्वांत उत्तम होय.

वेळेचे गणित

कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १०० किलोमीटर असून लोकलला दोन तासांच्या आसपास लागतात. खोपोली, लौजी, डोलवली, केळवली येथील प्रवाशांनी आणखी अर्धा तास धरावा. या मार्गावर गाड्या मोजक्याच असल्याने जाण्याची व येण्याची अशी दोन्ही गाडी आधीच पाहून ठेवणे इष्ट. कर्जतहून सहाच्या सुमारास निघाल्यास नऊपर्यंत गेटवे गाठता येते. पहिल्या बोटी साधारण याच वेळी सुटतात. तासाभराच्या सागरी प्रवासानंतर बेटाचा धक्का येतो. तेथून टॉय ट्रेनने किंवा पायी जाऊन सुमारे १२० पायऱ्या चढल्या, की अकराच्या आत मुख्य लेण्यात पोहोचता येते. ज्येष्ठांसाठी डोलीची सोय असते.

लेण्यांसाठी दोन तास आणि जेवणासाठी तासभर ठेवून दोनच्या सुमारास परतीची बोट धरावी. तसे केल्यास चारपर्यंत टर्मिनस आणि सहा-साडेसहापर्यंत कर्जत गाठता येते. शेवटच्या बोटीची वाट पाहणाऱ्यांना मात्र संध्याकाळच्या गर्दीची कर्जत लोकल मुलाबाळांसह पकडावी लागते. शिवाय बेटावर पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नसल्याने परतीची बोट चुकवून चालत नाही.

मोटारीने जाणाऱ्यांना पनवेलमार्गे चिर्ले येथून अटल सेतू धरता येतो. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल थेट शिवडीला उतरतो. त्यावर दुचाकी व रिक्षांना मनाई आहे. गंमत अशी, की चिर्लेही उरण तालुक्यातच. म्हणजे उरणहून मुंबईला जायचे आणि तेथून बोटीने पुन्हा उरण तालुक्यात यायचे!

बोटीत बसण्यापूर्वी

या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा भाग सुरक्षिततेचा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. शंभराहून अधिक लोक बोटीवर होते. या दुर्घटनेत १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले. तथापि, नियम कागदावर असून भागत नाही. जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे आवळलेले हवेत. आसनाखाली पडलेले जॅकेट ऐनवेळी उपयोगी पडत नाही. मुलांसाठी त्यांच्या मापाचे जॅकेट आहे का, हे बोट सुटण्यापूर्वीच विचारावे. बोट खचाखच भरलेली दिसली, तर पुढच्या बोटीने जावे. सकाळी लवकर निघण्याचा खरा फायदा हाच, की एक बोट सोडून देण्याइतका वेळ हाताशी राहतो. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या व शेवाळलेल्या असतात. चढता-उतरताना घाई करू नये आणि पकड असलेली पादत्राणे वापरावीत.

बेटावर काय पाहाल?

युनेस्कोने १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या मुख्य लेण्यातील त्रिमुखी सदाशिव हे येथील प्रमुख आकर्षण. नटराज, अर्धनारीश्वर, गंगाधर ही शिल्पेही सावकाश पाहावीत. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो हत्ती मात्र आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या परिसरात आहे.

शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही बेटावरील तीन गावे. समुद्राखालून टाकलेल्या केबलद्वारे येथे कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. पर्यटन हाच येथील अनेक कुटुंबांचा आधार असल्याने जेवण शक्यतो गावकऱ्यांकडेच घ्यावे. माकडे हातातील खाऊ हिसकावतात, म्हणून पिशव्या बंद ठेवाव्यात. रिकाम्या बाटल्या व प्लॅस्टिकचा कचरा बेटावर न टाकता सोबत परत आणावा.