हंटरच्या डोक्यावरचे ते दोन पाय

आज ऐकता ऐकता एक चित्र मोबाइलवर उघडून ठेवा. 'जॉन हंटर, विल्यम शार्प' एवढं शोधलंत तरी सापडेल. १७८८ सालचं, धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून कागदावर छापलेलं.

हंटर म्हणजे लंडनचा सर्जन. सर्जरी तेव्हा बरीचशी हाताच्या सवयीवर चालायची. त्याने तिला शवविच्छेदनाची आणि प्रयोगांची जोड दिली. मूळ तैलचित्र जोशुआ रेनॉल्ड्सचं, १७८६चं. पण रेनॉल्ड्सचे रंग फार टिकत नसत, तेही चित्र काळवंडत गेलं. शार्पच्या छापात मात्र बारीकसारीक गोष्टी शाबूत राहिल्या.

आता दोन बोटांनी चित्र मोठं करा. हंटर विचारात गढलाय, हातात पिसाची लेखणी. शेजारी उघडं पुस्तक, त्यात कवट्यांची चित्रं. आणि वर, उजव्या कोपऱ्यात? सांगाड्याचे दोन पाय लोंबतायत. बाकीचा सांगाडा चौकटीबाहेर!

ते पाय चार्ल्स बर्नचे. आयर्लंडचा पोरगा, उंची साडेसात फुटांच्या वर. लंडनमध्ये लोक पैसे देऊन त्याला बघायला यायचे. १७८३ मध्ये, जेमतेम बाविशीत, तो गेला. आपल्या देहावर सर्जन लोकांचा डोळा आहे, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने बजावून ठेवलं होतं, मला समुद्रात सोडा. हंटरने लाच चारून प्रेत मिळवलं, उकळून हाडं वेगळी केली आणि बराच काळ गुपचूप ठेवली. मग थेट स्वतःच्या पोर्ट्रेटमध्ये टांगली. लपवलेला माल असा मिरवायचा, मला तरी चोरीपेक्षा हेच जास्त खटकतं.

बरं, त्या हाडांचा उपयोग झाला नाही असंही नाही. १९०९ मध्ये हार्वी कुशिंगने कवटी तपासली, तर पिट्युटरी ग्रंथीची खोबण मोठी झालेली. २०११ मध्ये दातांतल्या डीएनएवरून जनुकातला दोष कळला. तोच दोष आज उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांत आहे, त्यामुळे त्यांची वेळीच तपासणी करता येते. पण बर्नने 'नको' म्हटलं होतं, ते काही यामुळे पुसलं जात नाही.

२०२३ मध्ये लंडनचं हंटेरियन म्युझियम नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलं, तेव्हा सांगाडा काचेच्या कपाटातून हलवला होता. समुद्रात सोडला नाही हं, संशोधनासाठी आत ठेवलाय. रिकाम्या झालेल्या जागी काय लावायचं ठरलं? रेनॉल्ड्सचं तेच तैलचित्र. पायांसकट.