विश्लेषण : माकडांचा मलेरिया माणसांत कसा सापडला?

मलेशियाच्या सारवाक राज्यातील कापित भागात मलेरियाच्या काही रुग्णांनी संशोधकांना कोड्यात टाकले होते. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी ‘प्लाझ्मोडियम मलेरिये’ या सौम्य समजल्या जाणाऱ्या प्रजातीचा दिसत होता. पण आजाराची लक्षणे तिच्याशी जुळत नव्हती. हे कोडे सुटले ते रायबोसोमल आरएनएच्या जनुकामुळे.

सूक्ष्मदर्शक कुठे कमी पडतो?
काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवून परजीवी पाहणे ही मलेरिया निदानाची जुनी आणि स्वस्त पद्धत. त्यात परजीवीच्या आकारावरून प्रजाती ठरते. पण दोन प्रजाती सारख्याच दिसत असतील तर अनुभवी तंत्रज्ञही फसतो.

हेच जनुक का?
पेशीत प्रथिने तयार करणारे ‘कारखाने’ म्हणजे रायबोसोम. त्यांच्या जडणघडणीत आरएनएचा मोठा वाटा असतो. रायबोसोमविना कोणताही जीव जगत नाही, त्यामुळे हे जनुक सर्व प्रजातींत असते. त्याचे काही भाग उत्क्रांतीत फारसे बदललेले नाहीत, तर काही भाग प्रजातीनुसार बदलतात. न बदललेल्या भागावरून परजीवी ‘प्लाझ्मोडियम’ आहे हे कळते, बदललेल्या भागावरून तो नेमका कोणता हे ठरते. शिवाय या जनुकाच्या परजीवीत अनेक प्रती असल्याने तो रक्तात कमी असला तरी सापडू शकतो.

चाचणी कशी होते?
रुग्णाच्या रक्तातून डीएनए वेगळा केला जातो. मग पीसीआर दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात सर्व प्रजातींना लागू पडणारे ‘प्रायमर’, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून जनुकाच्या असंख्य प्रती बनवल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक प्रजातीसाठी स्वतंत्र प्रायमर असतात. जो जुळतो, ती प्रजाती.

कापितमध्ये काय आढळले?
‘मलेरिये’चे प्रायमर तेथील नमुन्यांशी जुळेनात. बलबीर सिंग आणि सहकाऱ्यांनी जनुकाचा क्रम वाचला, तेव्हा तो माकडांतील ‘प्लाझ्मोडियम नोलेसी’शी जुळला. मग तपासलेल्या २०८ रुग्णांपैकी १२० जणांत नोलेसी सापडला. ‘मलेरिये’ एकातही नाही. हे संशोधन २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हा परजीवी मात्र नवा नव्हता. तो माणसालाही बाधू शकतो, हे रॉबर्ट नोल्स आणि दासगुप्ता यांनी १९३२ मध्ये कोलकात्यात दाखवले होते. त्याला नावही नोल्स यांचेच मिळाले.

प्रजाती ओळखण्याने काय फरक पडतो?
‘मलेरिये’ रक्तात ७२ तासांनी एक चक्र पूर्ण करतो, नोलेसी अवघ्या २४ तासांत. म्हणजे त्याची संख्या रोज वाढते आणि उपचारास उशीर झाल्यास रुग्ण दगावू शकतो. सौम्य समजून रुग्णाला घरी पाठवणे म्हणूनच धोक्याचे. प्रतिबंधाचे गणितही बदलते. घरातील मच्छरदाणी जंगलात चावणाऱ्या डासांपासून वाचवत नाही आणि माकडांवर औषधोपचार करणे अशक्यप्राय आहे. मलेशियात २०१८ पासून माणसांतील नेहमीच्या मलेरियाचा स्थानिक संसर्ग नोंदला गेलेला नाही. नोलेसीचे रुग्ण मात्र आढळत आहेत.

मर्यादा कोणत्या?
पीसीआरला सुसज्ज प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आणि काही तास लागतात. प्रायमरही चुकू शकतात. नोलेसीसाठीचे सुरुवातीचे प्रायमर कधी कधी ‘व्हायवॅक्स’लाही जुळत असल्याचे पुढे लक्षात आले आणि नवे बनवावे लागले. त्यामुळे तापाच्या रुग्णाची पहिली तपासणी आजही काचपट्टीवरच होते. मात्र तिचे उत्तर आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल, तर जनुकाची साक्ष काढणे गरजेचे ठरते.