जुना लॅपटॉप, मराठवाड्याचा उन्हाळा आणि अडखळणारे गेम

नांदेडला विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेत असो की लातूरला औसा रोडवरच्या खोलीत, विद्यार्थ्यांकडचे बरेचसे लॅपटॉप थोरल्या भावंडांकडून आलेले असतात, नाहीतर कंपन्यांनी काढून टाकलेले, सेकंडहँड घेतलेले. डेलचं लॅटिट्यूड किंवा लेनोवोचं थिंकपॅड, आत इंटेलचा सहाव्या ते आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ते नंतर बसवायची सोयही अशा लॅपटॉपमध्ये नसते. तरी आहे त्या मशीनमधून बरंच काम काढता येतं. फक्त सुरुवात गेमच्या सेटिंगपासून न करता उष्णतेपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी उष्णता

गेम पहिली दहा-पंधरा मिनिटं नीट चालतो आणि मग अडखळायला लागतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष उष्णतेचा असतो. सुरुवातीपासूनच अडखळत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं.

या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात. यू मालिकेतल्या चिपला साधारण १५ वॅट वीज ठरलेली असते आणि ती दोघांना वाटून घ्यावी लागते. चिपचं तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली असते. लातूर बालाघाटच्या पठारावर, ६०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर असल्यामुळे तिथे रात्री थोडा दिलासा मिळतो. खेळायचंच असेल तर दुपारपेक्षा रात्र बरी.

दुसरा शत्रू धूळ. ती पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पात्यांच्या मध्ये अडकून बसते आणि गरम हवेची वाट बंद करते. मागचं झाकण उघडून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारावा. पंखा मोकळा सोडला तर तो नको इतका जोरात फिरून बिघडू शकतो. चार-पाच वर्षं थर्मल पेस्ट बदललेली नसेल, तर तीही बदलून घ्यावी. स्वतः उघडायची सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. माझ्या मते यावर खर्चलेले पैसे सगळ्यात सत्कारणी लागतात. झाकण उघडलंच आहे तर बॅटरी फुगलेली नाही ना, हेही बघा. फुगली असेल तर ती बदलेपर्यंत लॅपटॉप वापरू नका.

लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा मिळाली पाहिजे. पाण्याच्या कूलरची थंड हवा खोलीत जरूर असू द्या, पण लॅपटॉप थेट त्याच्या तोंडाशी नको. तुषार आत जातात.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. प्रोसेसरने सोडलेली वीज ग्राफिक्सच्या वाट्याला येते आणि चिप कमी तापते. प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये मात्र याने तोटा होऊ शकतो, म्हणून दोन्ही करून बघा.

रॅमची दुसरी पट्टी

वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला तशी नसते, ते लॅपटॉपची रॅमच वापरतं. त्यामुळे रॅम किती आहे याइतकंच ती किती वेगाने माहिती देते, हे महत्त्वाचं. डीडीआर४ २४०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी देते, दोन पट्ट्या ३८.४. म्हणून ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या गेमसाठी चांगल्या. याचा फरक डोळ्यांना दिसतो.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा वापरल्या आहेत ते कळतं. थिंकपॅड टी४८० ला दोन खाचा आहेत, एक्स२७० ला एकच. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्या, कारण डीडीआर३एलच्या खाचेत डीडीआर४ बसत नाही.

रजिस्ट्रीत आकडा बदलून ग्राफिक्स मेमरी वाढवण्याची युक्ती सांगणारे व्हिडिओ फिरतात. त्याने फक्त दाखवला जाणारा आकडा बदलतो. विंडोज गरजेप्रमाणे रॅम आपोआप देतच असतं. ‘गेम बूस्टर’ नावाच्या प्रोग्रामांवरही वेळ घालवू नये.

गेमच्या आत

रिझोल्यूशन कमी करणं हा सगळ्यात मोठा उपाय. १९२० बाय १०८० मध्ये सुमारे २०.७ लाख ठिपके रंगवावे लागतात, १२८० बाय ७२० मध्ये ९.२ लाख. त्यानंतर सावल्या बंद करा. वेग ४५ वरून २२ वर आदळत राहण्यापेक्षा ३० फ्रेमवर बांधून ठेवा. खेळ एकसारखा चालतो आणि चिपही कमी तापते.

चार्जर लावूनच खेळा. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि वीज वाचवायला वेग उतरवतो. त्यात गेमचा दोष नसतो.

व्हॅलोरंट या गेमच्या किमान गरजांमध्ये इंटेल एचडी ४००० आहे, म्हणजे या लॅपटॉपमधल्यापेक्षा जुनं ग्राफिक्स. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला सोडियम हा मॉड लावला तर ती बरीच हलकी होते.

एसएसडी आणि विंडोज

एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत, पण गेम लवकर उघडतो आणि नवा भाग लोड होताना बसणारे झटके कमी होतात. अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर अभ्यासासाठी तरी ती बदलाच.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या सहाव्या पिढीचे प्रोसेसर नाहीत, सातव्या पिढीतलेही जवळपास नाहीतच. सेकंडहँड लॅपटॉप आता घेणार असाल तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका, आणि पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा.