ऑर्किडची हिवाळी विश्रांती

थंडीचे दिवस सुरू झाले, की घरात हौसेने वाढवलेल्या ऑर्किडच्या कुंडीकडे पाहून अनेकांच्या मनात चिंता निर्माण होते. पावसाळ्यात जोमाने वाढलेले रोप एकाएकी थबकते. पाने पिवळी पडून एकेक गळू लागतात आणि टवटवीत खोडांवर बारीक सुरकुत्या दिसू लागतात. रोपाला पाणी कमी पडत असावे, खत कमी पडत असावे, अशी शंका येते आणि काळजीपोटी दोन्ही वाढवले जाते. पुढे फेब्रुवारी-मार्च उजाडतो. परंतु ज्या पेरांवर फुले यायची, त्यांवर लहान लहान रोपेच फुटतात, किंवा कुंडीतील मुळे कुजून संपूर्ण रोपच हातचे जाते. वास्तविक ते रोप आजारी नव्हते. ते विश्रांती घेत होते. ही विश्रांती का आवश्यक असते आणि ती कशी जपावी, हे समजण्यासाठी रोपाचे मूळ घर पाहावे लागते.

घरोघरी आढळणाऱ्या ऑर्किडांपैकी ‘डेंड्रोबियम नोबिले’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० साली या जातीला हे नाव दिले. हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारतापर्यंत आणि पुढे चीनपर्यंत ती आढळते. सिक्कीमचे ते राज्यफूल आहे. हे रोप जमिनीत वाढत नाही. झाडाच्या फांदीचा आधार घेऊन ते राहते. मात्र त्या झाडातून अन्नरस शोषून घेत नाही. त्याच्या मुळांवर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. पावसाचे, धुक्याचे व दवाचे पाणी हे आवरण चटकन टिपून घेते.

हिमालयाच्या उतारांवर जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो. या दिवसांत रोपाला नवे कोंब फुटलेले असतात आणि ते झपाट्याने वाढून उसासारख्या पेरेदार, मांसल कांड्या तयार होतात. या कांड्यांना वनस्पतिशास्त्रात ‘आभासी कंद’ म्हणतात. रोपाची पाण्याची आणि अन्नाची कोठारे तीच. पाऊस ओसरल्यावर हवा कोरडी होते, रात्री थंड होतात, पण आकाश निरभ्र असल्याने ऊन भरपूर मिळते. मग रोप वाढ थांबवते, काही पाने गाळते आणि साठवणीवर निर्वाह करते. याच थंड व कोरड्या काळात पेरांवरील सुप्त डोळ्यांतून फुलांच्या कळ्या घडू लागतात. हिवाळ्यात पाणी, खत आणि ऊब मिळतच राहिली, तर पावसाळा संपलाच नाही, अशा रीतीने रोप वागते. मग त्या डोळ्यांतून फुले येण्याऐवजी नवी रोपे फुटतात.

मूळ हवामान ओळखण्याचे हे महत्त्व माणसाला अनुभवातूनच कळले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये उष्ण प्रदेशातील ऑर्किडे सर्रास कोंदट, अतिउष्ण काचघरांत ठेवली जात आणि त्यांतील असंख्य मरून जात. १८३५ साली चॅट्सवर्थ येथील ड्यूकच्या उद्यानातून जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला भारतात पाठवण्यात आले. आजच्या मेघालयातील खासी टेकड्यांतून त्याने कितीतरी ऑर्किडे गोळा केली आणि १८३७ साली तो परतला. त्या उद्यानाचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने काचघरांत हवा खेळती ठेवली, तापमान उतरवले आणि वेगवेगळ्या हवामानांतील रोपांसाठी वेगवेगळी घरे केली. त्यामुळे ऑर्किडे तगू लागली. भारतात ऑर्किडांच्या अभ्यासासाठी सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले.

घरातील रोपाला विश्रांती देण्याची तयारी पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होते. नव्या कांडीची वाढ पूर्ण झाली, की तिच्या टोकाशी नवी पाने येणे थांबते. ही खूण दिसताच खत बंद करावे. विशेषतः नत्रयुक्त खत ऑक्टोबरनंतर देऊ नये. नोव्हेंबरपासून पाणी हळूहळू कमी करावे. कोळसा, विटांचे तुकडे किंवा नारळाची सोडणे घातलेली कुंडी दोन पाण्यांच्या मध्ये पूर्णपणे कोरडी होऊ द्यावी. पाणी देण्याची वेळ मुळांच्या रंगावरून कळते. ओली मुळे हिरवट दिसतात, कोरडी झाली की रुपेरी होतात. कांड्यांवर थोड्या सुरकुत्या पडल्या, तर घाबरण्याचे कारण नाही. त्या फारच आक्रसल्या, तर सकाळी हलका शिडकावा करावा. म्हणजे संध्याकाळपर्यंत पाणी सुकून जाते. रात्रभर साचलेले थंड पाणी कुजण्यास निमंत्रण देते.

पाणी कमी केले, तरी प्रकाश कमी करू नये. सकाळचे कोवळे ऊन मिळणारी खिडकी या काळात रोपाला सर्वांत चांगली. रात्रीचे तापमान चार ते सहा आठवडे १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले, तर कळ्या चांगल्या धरतात. पुणे, नाशिक अशा ठिकाणी हिवाळ्यातील रात्री याला बऱ्याच अनुकूल असतात. दिल्लीत जानेवारीत पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. तेथे कुंडी रात्री घरात घ्यावी, परंतु हीटर लावलेल्या खोलीत ठेवू नये. पाने गळालेल्या कांड्या वाळलेल्या समजून कापून टाकणे, ही आणखी एक नेहमीची चूक. फुले बहुधा त्यांच्याच पेरांवर येतात.

पेरांवरचे फुगीर डोळे कळ्यांचा आकार घेऊ लागले, म्हणजे विश्रांती संपत आली असे समजावे. कळी स्पष्ट ओळखू आल्यावरच पाणी पुन्हा हळूहळू वाढवावे; घाई केल्यास तेथे रोपटे फुटण्याचा संभव असतो. खत मात्र बुडाशी नवे कोंब फुटून वाढीला लागल्यावरच सुरू करावे.

हाच नियम सर्व ऑर्किडांना लावणे मात्र चुकीचे ठरेल. फुलपाखरासारख्या फुलांच्या ‘फॅलेनॉप्सिस’ला आभासी कंद नसतात, म्हणजे पाण्याचे कोठारच नसते. त्याला कोरडे ठेवल्यास ते सुकते. हवा २५ अंशांखाली काही आठवडे राहिली, एवढ्यानेच त्याला फुलांचा दांडा फुटतो. सह्याद्रीत आढळणाऱ्या आणि आसामात बिहूच्या वेळी स्त्रिया केसांत माळतात त्या ‘सीतेच्या वेणी’लाही आभासी कंद नाहीत, हिवाळ्यात तिचे पाणी कमी करावे, पण तोडू नये. मुंबई व कोकण किनाऱ्यावर रात्री पुरेशा थंड होत नसल्याने तेथे नोबिलेला फुले येणे कठीण जाते. अशा ठिकाणी उष्ण हवेत फुलणारी डेंड्रोबियमची संकरित रोपे लावणे श्रेयस्कर. म्हणून रोप विकत घेतानाच त्याची जात विचारून घ्यावी.

पाणी घालणे सोपे असते. हात आवरणे कठीण असते. हिवाळाभर काठ्यांसारख्या उघड्या कांड्या पाहून धीर सुटू लागतो आणि कुंडी टाकून देण्याचाही विचार मनात येतो. पण ज्याने तेवढे दिवस कळ काढली, त्याच्या घरी वसंताच्या सुमारास त्याच कांड्यांच्या पेरापेरांतून दोन-दोन, तीन-तीन जांभळी-पांढरी फुले उमलून येतात.