मांजरं नसलेला देश!

मित्रांनो, उंदीर म्हटला की तुम्हाला कोण आठवतो? मिकी? टॉमला दमवून सोडणारा जेरी? की गणपतीबाप्पाच्या पायाशी, मोदकावर डोळा ठेवून बसलेला मूषकराज? आज मात्र एका वेगळ्याच उंदराची ओळख करून घेऊ या. एवढासा जीव, अंगात ढगळ लाल सदरा आणि डोळ्यांवर घसरणारी मोठी निळी टोपी. त्याचं नाव फीवेल माउसकेविट्झ. आडनाव म्हणताना जीभ अडखळली ना? अडखळू द्या. या गोष्टीत नावाला फार महत्त्व आहे, बरं का!

फीवेलचा पहिला चित्रपट ‘अ‍ॅन अमेरिकन टेल’ नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेत आला. इंग्रजीत गोष्टीला ‘टेल’ म्हणतात आणि शेपटीलाही ‘टेल’च. स्पेलिंग तेवढं वेगळं. म्हणजे ही अमेरिकेची गोष्टही आणि अमेरिकेची शेपटीही! दिग्दर्शक होते डिस्नेची नोकरी सोडून बाहेर पडलेले डॉन ब्लूथ आणि पाठीशी निर्माते म्हणून उभे होते स्टीव्हन स्पीलबर्ग. हो, तेच ‘ई.टी.’वाले. सगळी चित्रं हातानं काढलेली. पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. चित्रपट ८० मिनिटांचा. गुणाकार करून पाहा, एक लाखाच्या वर आकडा जातो!

गोष्ट काय आहे?

साल १८८५. रशियाच्या झारच्या राज्यातलं शोस्तका नावाचं गाव. मॉस्कोविट्झ नावाच्या ज्यू कुटुंबाच्या घराखाली माउसकेविट्झ हे उंदरांचं कुटुंब राहतं. पापा, मामा, मोठी ताई तान्या, फीवेल आणि तान्ही याशा. हनुका या ज्यू सणाची रात्र आहे. पापा घराण्यात चालत आलेली टोपी फीवेलला देतात आणि ‘मिन्स्कच्या महाकाय उंदरा’ची गोष्ट सांगतात. तेवढ्यात घोड्यांच्या टापा वाजतात. कॉसॅक सैनिक वस्तीवर तुटून पडतात आणि त्यांच्याबरोबर आलेली मांजरं उंदरांवर! घर जळून जातं. मग पापा ठरवतात, अमेरिकेला जायचं. तिथे म्हणे मांजर औषधालाही सापडत नाही आणि रस्त्यांवर चीजच चीज!

हे सगळं कल्पनेतलं आहे का? उंदीर कल्पनेतले आहेत, आग मात्र खरी होती. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि लोकांचा राग निष्पाप ज्यू वस्त्यांवर निघाला. घरं लुटली, जाळली गेली. तेव्हापासून १९१४ पर्यंत पूर्व युरोपातले सुमारे २० लाख ज्यू लोक बोचकी बांधून अमेरिकेच्या बोटीत चढले.

फीवेलचं कुटुंबही जर्मनीतल्या हॅम्बर्ग बंदरातून निघतं. बोटीवर इटलीचे आणि आयर्लंडचे उंदीरही असतात. प्रत्येकाच्या देशात कुठलं ना कुठलं मांजर मागे लागलेलं! वाटेत वादळ होतं, एक अजस्र लाट येते आणि फीवेल समुद्रात फेकला जातो. घरचे समजतात, पोर गेलं. एकट्या तान्याला मात्र वाटत राहतं, तो आहे, कुठेतरी आहे.

फीवेल एका बाटलीत बसून तरंगत न्यूयॉर्कला पोहोचतो. बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहत असतो. तिथला हेन्री नावाचा फ्रेंच कबुतर त्याला धीर देतो. (खरा पुतळाही फ्रान्सहूनच आला होता. त्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर १८८६ ला झालं. म्हणजे चित्रपट आला तेव्हा पुतळ्याची शंभरी नुकतीच भरली होती!)

आणि अमेरिकेत मांजरं नव्हती का? होती की! वॉरन टी. रॅट नावाचा ठग स्वतःला उंदीर म्हणवतो आणि फीवेलला एका कोंदट कारखान्यात राबायला विकतो. पुढे कळतं, तो नाक लावलेला बोकाच आहे! उलट टायगर नावाचं गलेलठ्ठ मांजर निघतं शाकाहारी आणि हळवं. ते फीवेलचं जिवलग होतं. तेव्हा कोण मांजर आणि कोण मित्र, हे मिशा बघून ठरत नाही.

शेवटी सगळ्या देशांचे उंदीर एकत्र येतात. पण मांजरांना पळवायचं कसं? फीवेलला पापांची गोष्ट आठवते. सगळे मिळून मिन्स्कचा महाकाय उंदीर बनवतात आणि तो अक्राळविक्राळ उंदीर बघून मांजरं जी पळतात, ती थेट निघालेल्या बोटीवर! बघा हं, घर जळताना या कुटुंबानं बरोबर आणलं होतं काय? एक टोपी आणि एक गोष्ट. शेवटी तीच कामाला आली.

खिडकीबाहेरचा मुलगा

फीवेल हे नाव कुठून आलं, माहीत आहे? ते स्पीलबर्गच्या आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं नाव. आजोबा रशियात लहानाचे मोठे झाले. ज्यू मुलांना तिथे शाळेत बसू देत नसत. मग बाहेर बर्फात बसून, उघड्या खिडकीतून ऐकू येईल तेवढं शिकायचं! आजोबांनी ही आठवण नातवाला सांगितली होती. चित्रपटात एका प्रसंगात फीवेल काचेला नाक लावून उंदरांची शाळा बघत उभा राहतो, तो प्रसंग या आठवणीवरूनच आला. आतली मुलं धडा म्हणताहेत आणि हा बाहेर. दृश्य छोटंसं आहे, पण बघताना घशात आवंढा येतो.

अमेरिकेत आल्यावर आणखी एक गोष्ट घडते. नोंदणीच्या टेबलावरचा कारकून तान्याची ‘टिली’ करून टाकतो. फीवेलचा नवा मित्र टोनी त्याला ‘फिली’ म्हणू लागतो. का, तर नाव अवघड आहे!

पुढचे भाग

पहिल्या चित्रपटानं अमेरिकेतच ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले. मग १९९१ मध्ये ‘फीवेल गोज वेस्ट’ आला. यात एक कावेबाज बोका उंदराची बाहुली नाचवून सांगतो, पश्चिमेला चला, तिथली मांजरं प्रेमळ आहेत! आणि हे कुटुंब पुन्हा फसतं. यातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला आवाज दिला होता नामवंत नट जेम्स स्टुअर्ट यांनी. चित्रपटातली ती त्यांची शेवटची भूमिका. १९९२ मध्ये १३ भागांची टीव्ही मालिका झाली आणि दशकाच्या अखेरीस आणखी दोन चित्रपट थेट व्हिडिओवर आले.

त्यांतला एक जरूर सांगायला हवा. फीवेलला न्यूयॉर्कच्या जमिनीखाली दडून राहणारे मूळचे उंदीर भेटतात. ते का दडलेत? युरोपातून आलेल्यांच्या भीतीनं! म्हणजे काल जे मांजरांना घाबरून पळून आले, त्यांनाच आज दुसरं कोणी घाबरतंय.

आपल्या कोकणातली बोट

बोट बुडाली, थोडे वाचले, परक्या किनाऱ्याला लागले, अशी एक गोष्ट आपल्याकडेही आहे. अलिबागजवळच्या नवगावला फार पूर्वी एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असं बेने इस्रायल समाजात परंपरेनं सांगतात. हेही ज्यूच. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. कॉसॅक काही त्यांच्यावर धावून आले नाहीत. ते मराठी बोलू लागले, पेणकर, रोहेकर झाले. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं!

पापांचं म्हणणं चुकलं होतं. मांजरं नसलेला देश जगात कुठेच नाही. पण तिथे टायगर आणि टोनीही असतात, आणि ते भेटले की परका देश हळूहळू आपला होतो.

तुमच्या वर्गात वर्षाच्या मधेच एखादा मुलगा किंवा मुलगी येते. वडिलांची बदली झालेली असते, नाहीतर कामाच्या शोधात घरचे गाव सोडून आलेले असतात. बोलणं वेगळं, डब्यातली भाजी वेगळी, नाव अवघड. उद्या त्यांना आपल्या बाकावर जागा द्या. आणि हाक मारायची ती त्यांच्या खऱ्या नावानं. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल!