दर्यावरील तेलाची रोजकीर्द

१८ मार्च १९६७ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यानजीकच्या खडकांवर ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज आदळले आणि त्याच्या उदरातील सुमारे १ लक्ष २० हजार टन कच्चे तेल सागरात पसरू लागले, तेव्हा ते जाळून टाकण्यासाठी ब्रिटिश सरकारला अखेर विमानांतून बॉम्बवर्षाव करावा लागला, हा प्रसंग जितका भीषण तितकाच केविलवाणा होता. या धक्क्यातून जहाजांमुळे होणारे सागरी प्रदूषण रोखणारा १९७३ चा ‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार सिद्ध झाला. त्याचा अंमल मात्र २ ऑक्टोबर १९८३ पासून, कारण दर्यावर्दी राष्ट्रांची घाई ही अशीच असते.

वास्तविक त्या काळी अपघातांहून अधिक तेल, रिकाम्या टाक्या धुऊन ते पाणी बिनदिक्कत समुद्रात सोडण्याच्या रिवाजामुळेच दर्यात जाई. या करारानुसार आता इंजिनखोलीच्या तळाशी साचणारे पाणीही यंत्रातून गाळून, त्यात दशलक्ष भागांस १५ भागांहून अधिक तेल नसेल आणि जहाज चालते असेल, तरच बाहेर सोडता येते. शिवाय अशा प्रत्येक कृतीची तेल-नोंदवहीत नोंद करून तिच्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची आणि पृष्ठाखाली कप्तानाची सही व्हावी लागते. ही रोजकीर्द तीन वर्षे दप्तरी जपली जाते आणि परक्या बंदरातील तपासनीसही ती मागवून टाक्यांतील साठ्याशी तिचा ताळा घेऊ शकतो.